तिन्हीसांजेचा परवचा

१४ ऑक्टोबर २००१, नोव्हाय, मिशिगन

मिरजेच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा दैनंदिनी बंद केली होती. लिहावं असं काही घडेनाच. आज घडलं, म्हणून सुनेकडून, अनयाकडून, एक वही मागून घेतली.

मुलाकडे, निहारकडे येऊन मला आता दोन वर्षं होतील. सकाळी तो आणि अनया आपापल्या गाड्या काढतात, सई पिवळ्या बसमध्ये चढते, आणि मग घरात मी आणि बेसमेंटमधली घर गरम ठेवणारी फर्नेस. ती घरघरते, मी जप करते. बोलायला माणूस एकच, दोन घरं सोडून राहणारी कम्फर्ट. हे नावच आहे तिचं. लायबेरियाची आहे, इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. मला ‘मा’ म्हणते आणि माझा आल्याचा चहा दोन दोन कप पिते.

आज म्हणाली, मा, तू जन्मभर गणित शिकवलंस ना, मग माझ्या भावाच्या शाळेतल्या पोरांना शिकव. भाऊ म्हणजे जोसाया, त्यांच्या गावी मास्तर आहे. शाळा जाळून टाकलीय, पुस्तक एक उरलं नाही. बंदूकवाले गावागावांत येतात, पोरं उचलून नेतात आणि त्यांच्याच हातात बंदुका देतात. म्हणून निम्मी माणसं लेकराबाळांसकट जंगलात लपून राहिलीत. जोसायाजवळ बॅटरीवरचा एक टेपरेकॉर्डर तेवढा वाचलाय. तू कॅसेटवर धडे भरून दे, म्हणाली, आमच्या चर्चमधलं कोणी ना कोणी जात-येत असतं, पोचवू.

मी लगेच हो म्हटलं. निहार जेवताना हसला.

"आई, मिशिगनमध्ये बसून लायबेरियात शाळा? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला."

"हाकते की नाही ते बघ तू," म्हटलं आणि त्याच्या पानात जास्तीची भाजी वाढली.

२१ ऑक्टोबर

पहिली कॅसेट भरली. बेसमेंटमध्ये बसते, वर डिशवॉशरचा आवाज येतो. फळा नाही, पुस्तक नाही, म्हणजे पाढ्यांपासून सुरुवात. इंग्रजीतच, पण चाल आपली. मी ‘टू वन्स आर’ म्हणायचं आणि थांबायचं. त्या थांब्यात पोरांनी ‘टू’ म्हणायचं. मग मी शाब्बास म्हणायचं. तो शब्द मराठीच ठेवला, इंग्रजीत त्याला दम नाही. थांबा किती ठेवायचा यातच सगळं कसब आहे. कमी ठेवला की मागची पोरं गळतात, जास्त ठेवला की पुढची खोड्या काढतात. मी डोळे मिटते, समोर वर्ग आणते, आणि त्यांचं म्हणून झालं असं वाटलं की पुढे जाते.

डोळे उघडले तर सई जिन्यात उभी.

"आजी, हू आर यू टॉकिंग टू?"

"मुलांशी."

"बट देअर्स नोबडी देअर."

"आहेत गं. जरा लांब बसलीत."

ती हळूहळू वर गेली आणि तिनं बेसमेंटचं दार ओढून घेतलं. मला आतून हाक मारावी लागली.

कॅसेटबरोबर निहारचा जुना छोटा टेपरेकॉर्डरही दिलाय. एकावर माझा आवाज लावायचा, दुसऱ्यावर अख्खा वर्ग भरून मला पाठवायचा. न तपासता शिकवणं मला जमत नाही.

१६ डिसेंबर

जोसायाची कॅसेट आली. बाहेर बर्फ, सगळे मॉलमध्ये गेलेले. मी एकटीनंच ऐकली.

आधी माझाच आवाज आला, लांबून, कोणीतरी विहिरीतून बोलावं तसा. टू वन्स आर. मग थांबा. त्या थांब्यात मला वाटलं वारा आहे. दुसऱ्या खेपेला कळलं, पोरं कुजबुजतायत. दहा-वीस तोंडं, सगळी नुसत्या श्वासावर बोलणारी. ‘टू.’ आणि मागोमाग माझं ठणठणीत शाब्बास. मी घाईनं आवाज कमी केला, का कोण जाणे.

शेवटी जोसाया बोलतो. आम्ही रबराच्या झाडांत बसतो, दिवसा, थोडा वेळ. पोरं हळूच म्हणतात. आदबशीर माणूस दिसतो.

पण मला राग आला. पाढे काय कुजबुजायचे असतात? अशानं ते घशाखाली उतरतील का? कम्फर्ट चहाला आली तेव्हा तिला आमच्या परवच्याचं सगळं समजावलं. तिन्हीसांजेला हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, ओळीनं बसायचं आणि खड्या आवाजात पाढे म्हणायचे. आमच्या पिढ्या त्यावर शिकल्या. जोसायाला सांग, दिवसा पोरांना कामं असतात, तू संध्याकाळी दिवा लावून बसव. आणि तोंडातल्या तोंडात चालणार नाही.

कम्फर्ट कपाकडे बघत राहिली. "मा, संध्याकाळी तिकडे फार शांत असतं. आवाज लांब जातो."

"अगं, तेच तर हवंय. आवाज ऐकून जंगलातली बाकीची पोरंही येतील. नाहीतर त्यांना कळणार कसं शाळा सुरू झालीय ते?"

ती म्हणाली, तू सांगितलंस तर जोसाया करेल. तो तुला मास्तरांची मास्तर म्हणतो.

मग करेलच. नव्या कॅसेटच्या सुरुवातीला मी ते नीट दरडावून सांगितलंय.

१७ फेब्रुवारी २००२

आज काळीज सुपाएवढं झालं. दुसरी कॅसेट आली. आधी रातकिडे, मग माझा आवाज, आणि मग पोरांचा. काय आवाज आहे. फोर टूज आर, म्हटल्यावर ‘एट’ असा आला की अनया स्वयंपाकघरातून बघायला आली. जोसाया सांगतो, रोज दिवा लावतो मा, तुझ्या सांगण्याप्रमाणे. पोरं आवाजाच्या रोखानं चालत येतात. जी कधी शाळेत बसली नव्हती तीही येतात. झाडांमधून निघून गुपचूप ओळीत बसतात. जागा पुरत नाही.

निहारला बोलावून ऐकवलं. म्हटलं, मोज शेळ्या.

एक गंमत आहे. सगळ्यांचं म्हणून झालं की मागून एक बारीक आवाज येतो, एकटीचा. सगळे ‘एट’ म्हणून गप्प झाले की ही म्हणणार, ‘एट.’ उशिरा येऊन लांब बसत असणार. दर वर्गात असं एक असतंच. मी तिचं नाव शेपटी ठेवलं. नव्या कॅसेटमध्ये तिला दटावलं, ए मागच्या मुली, वेळेवर येत जा, पुढे बस आणि सगळ्यांबरोबर म्हण.

३ मार्च

सईलाही परवच्याला बसवते हल्ली. देवापुढे दिवा लावते, ती सोफ्यावर पाय हलवत इंग्रजीत पाढे म्हणते. बाहेर बर्फ पडत असतं. बर्फात आवाज जात नाही, शेजारची गाडी आलेलीही कळत नाही.

तिचं म्हणून झालं की मी थोडी थांबते. मला शेपटीची सवय झालीय. सई विचारते, "व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" मी म्हणते, काही नाही, पुढचं म्हण.

२१ एप्रिल

तिसरी कॅसेट. दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकवेना, खरं सांगायचं तर.

सुरुवातीला गाडीचा आवाज आहे, जीपसारखा. तो बंद होतो. काहीतरी जड, लोखंडी, जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मग माझा धडा सुरू होतो. टू सेव्हन्स आर. पोरं आज दबकून म्हणतात, आणि त्यांच्यावरून जाड, घोगरे, पुरुषांचे आवाज येतात, ‘फोर्टीन.’ आणि हसतात. पुन्हा माझं शाब्बास. पुन्हा हसणं.

त्या ‘फोर्टीन’ला माझे हातपाय गार पडले. वर्गानं बरोबर उत्तर दिल्यावर जन्मात कधी असं झालं नव्हतं. बेसमेंट गारच असतं म्हणा.

मग विचार केला आणि हसू आलं. बाप लोक आहेत हे. पोरांचं बघून तेही बसायला लागले. मिरजेत आम्ही प्रौढशिक्षणासाठी दारोदार हिंडायचो तर कोणी उभं करायचं नाही, आणि इथे आपणहून आलेत. शेपटी मात्र ऐकू आली नाही. दटावलेलं लागलं असेल, आता सगळ्यांबरोबर म्हणत असेल.

शेवटी जोसाया बोलतो, पाठ केल्यासारखं. "मा, ही मंडळी आता वर्गाला बसतात. त्यांना तुमचा आवाज आवडतो. ती म्हणतात, जंगलातली बाकीची पोरं लाजतात, बाहेर येत नाहीत. त्यांना हाक मारणारी एक कॅसेट पाठवा." जरा थांबून म्हणतो, "माझ्या बहिणीला सांगा, माझ्यासाठी प्रार्थना कर."

किती सोसत असेल बिचारा एवढा वर्ग सांभाळताना.

२३ एप्रिल

कम्फर्टला कॅसेट ऐकवली. तिनं हातातला लाडू तसाच बशीत ठेवला. एवढंच म्हणाली, "मा, आता काही पाठवू नकोस." कोट चढवून निघून गेली, बटणंही लावली नाहीत. माहेरच्या आठवणीनं होतं असं. पण मनात आलं ते लिहूनच टाकते, भाऊ माझं ऐकतो हे तिला थोडं खटकत असावं.

निहारनंही ऐकली. "आई, मला नाही हे बाप वाटत."

"तू कधी सईच्या पालकसभेला गेलास म्हणून तुला बापांचे आवाज माहीत?"

तो उठून गेला. असं म्हणायला नको होतं मी. पण एवढ्या मुलांना अंकओळख होण्याची वेळ आलीय आणि हे दोघं शंका काढत बसलेत.

२८ एप्रिल

कॅसेट भरली, चांगली झाली. सुरुवातीला हाक आहे, ओट्यावर उभं राहून नातवंडांना मारावी तशी. "कम, चिल्ड्रन, कम. डोन्ट बी शाय. कम आऊट ऑफ द ट्रीज. आजी इज कॉलिंग." मग थांबा ठेवला, येऊन बसायला वेळ मिळावा म्हणून. मग पाढे.

कम्फर्ट फोन उचलत नाही. तिच्या चर्चमधल्या एका बाईंचा भाऊ परवा तिकडे निघालाय, त्याच्या हाती दिली. जोसायाच्या गावच्या रस्त्यानं जाणारा माणूस गाठून देतो म्हणाला.

भरताना एक विचित्र झालं. थांब्यात मागून बारीक आवाज आल्यासारखं वाटलं, नीट शब्द नाही. सई असेल म्हणून वर जाऊन बघितलं तर ती शेजारी खेळायला गेली होती.

१६ जून

आनंदाची बातमी. कॅसेट नेणाऱ्या त्या माणसाचा बहिणीला फोन आला होता. तिकडच्या गावांतली माणसं बोलतायत म्हणे, संध्याकाळी झाडांतून एका म्हातारीचा आवाज येतो, मुलांना बोलावतो. आज या गावाजवळ, उद्या त्या गावाजवळ. म्हणजे जोसाया एका जागी बसून राहिलेला नाही, शाळा फिरती केलीय त्यानं. मला हे सुचलंही नव्हतं.

मी बेसनाचे लाडू केले, शेजारीपाजारी दिले. कम्फर्टच्या दारातही डबा ठेवला. संध्याकाळी बघितलं तर डबा तिथेच होता, पायरीवर.

७ जुलै

कम्फर्ट आली. चहा नको म्हणाली. मी समोर बसले तरी ती उभीच.

राजधानीजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एक मुलगी पोचलीय, जोसायाच्या वर्गातली. तिच्याकडून कळलं. तिचं नाव कोर्पू. घरचं पाणी भरून, धाकट्या भावाला निजवून मग शाळेला यायची, म्हणून रोज उशीर व्हायचा.

माझी शेपटी.

टेपमधली आजी रागावली म्हणून त्या दिवशी ती वेळेवर निघाली होती. पण भाऊ रडायला लागला आणि पुन्हा उशीर झाला. दिव्यापाशी पोचते तर जीप उभी. ती झाडामागे थांबली. तिथून तिनं सगळं बघितलं. दिवा आणि पोरांचा आवाज, दोन्ही त्यांना लांबून कळलं होतं. धडा संपेपर्यंत बंदूकवाले वर्गात बसून राहिले. टू सेव्हन्सला उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, म्हणाली, पण तिनं म्हटलं नाही.

जोसायाकडून ती कॅसेट त्यांनीच भरून घेतली. मग पोरं जीपमध्ये घातली. पुढचं छावणीत मागाहून आलेल्यांकडून कळलं. जोसायाला आठवडाभर बरोबर ठेवला आणि माझी पुढची कॅसेट हाती पडेल अशी सोय झाल्यावर रस्त्याकडेला मारून टाकला.

आता टेपरेकॉर्डर जीपवर असतो. तिन्हीसांज झाली की गावाबाहेर गाडी उभी करतात, दिवा लावतात आणि मला सुरू करतात. कम, चिल्ड्रन, कम. पोरं झाडांतून बाहेर येतात. गुपचूप ओळीत बसतात.

"मी तुला पाठवू नकोस म्हटलं होतं, मा," कम्फर्ट म्हणाली. आवाज चढला नाही तिचा.

"का ते सांगितलं नाहीस."

"मला खात्री नव्हती. आणि खरं असेल तर ते तोंडातून काढायचं नव्हतं."

ती गेली. अनयानं दिवा लावला तो मी उठून विझवला.

१२ जुलै

जेवण जात नाही. निहार शेजारी येऊन बसतो. मी म्हटलं, तू म्हणाला होतास, बाप वाटत नाहीत. तो म्हणाला, "आई, नको आता ते."

मिरजेला कोणी मूल शाळेत येईनासं झालं की मी घरी जाऊन आणायची. हाक मारली की यायची पोरं. मला याचाच गर्व होता.

सगळ्यात वाईट हे की घरात शांत झालं की मला माझाच आवाज ऐकू येतो. तिकडे आत्ता संध्याकाळ असेल का, असा हिशेब मन करत राहतं. इथे रात्रीच्या जेवणाची वेळ होते तेव्हा तिकडची संध्याकाळ होऊन गेलेली असते.

२१ जुलै

कम्फर्ट पुन्हा आली. मला वाटलं नव्हतं ती या दारात पाय ठेवेल. तिकडे चर्चवाल्यांचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. जंगलात दडलेल्या माणसांजवळ दुसरं काही नसलं तरी ट्रान्झिस्टर असतो.

"दुसरं कोणी सांगून पोरं ऐकणार नाहीत, मा. ती म्हणतील, टीचर बोलावतेय. तूच सांगायला हवंस."

बेसमेंटमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मी चष्मा काढला, बटण दाबलं आणि बोलले. मुलांनो, मी आजी. संध्याकाळी माझा आवाज तुम्हाला बोलावेल. तो ऐकलात की यायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. माझ्या आवाजापासून जितकं लांब पळता येईल तितकं पळायचं. पाढे म्हणायचे तर मनात म्हणा, दिवसा म्हणा, हळू म्हणा. पहिल्यांदा म्हणत होतात तसे. तुमचंच बरोबर होतं.

मग म्हटलं, आता परीक्षा. टू सेव्हन्स आर. आणि थांबले.

आयुष्यात एवढा लांब थांबा मी ठेवला नव्हता. फर्नेस बंद होती, उन्हाळा आहे. देवाला हात जोडून बसले होते की या थांब्यात कुठूनही, कोणाचाही आवाज येऊ नये. कम्फर्टनं माझा हात धरला होता. आवाज आला नाही. शाब्बास म्हटलं आणि बटण बंद केलं.

२९ सप्टेंबर

सईनं आज आपणहून विचारलं, परवचा बंद का केला. म्हटलं, मनातल्या मनात म्हण. ती डोळे मिटून ओठ हलवत बसली. मला ते बघवेना, मी अंगणात गेले. मेपलची पानं तांबडी झालीत.

कम्फर्ट तिथेच आली, हातात माझा लाडवांचा डबा. रिकामा, घासलेला. छावणीतून निरोप आलाय.

रेडिओवर माझा आवाज लागला तेव्हा छावणीतली पोरं पळाली. ‘चिल्ड्रन’ एवढाच शब्द ऐकला आणि हातातलं टाकून तंबूंच्या मागे पळाली, पुढचं ऐकायलाही थांबली नाहीत. एकटी कोर्पू मागे राहिली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मागाहून सगळ्यांना जमवून सांगितलं. दुपारी ती लहानग्यांना पाढे शिकवते म्हणे, हळू आवाजात. जोसायाच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचा पत्ता नाही.

निघताना तिनं आणखी एक सांगितलं. वरच्या बाजूच्या एका गावातला माणूस छावणीत आलाय. त्या गावाबाहेर जीप आली होती, दिवा लावला होता. झाडांत पोरं होती, आयांनी त्यांची तोंडं हातांनी दाबून धरली होती. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. मी बोलावलं. थांबले. कोणी बाहेर आलं नाही. मग मी पाढे विचारले, एकामागून एक, आणि प्रत्येकाला थांबले. सगळं जंगल गप्प होतं. आणि दर वेळी त्या अंधारात मी म्हणाले, शाब्बास.